एकेचाळीस हजार शोध

बाईंचा एक नेम होता. स्वतःची स्तुती करायची नाही. गेली सहा वर्षं हा नेम पाळणं त्यांना फारच सोपं गेलं होतं, कारण स्तुती करायला त्यांच्याकडे वेबसाइट होती. आईनं लेकराचं कौतुक केलं तर ते काही आत्मकौतुक होत नाही, असा सोयीचा अर्थ लावून त्या भेटेल त्याला ग्रंथालयाच्या वेबसाइटविषयी सांगत. तपासणीला आलेल्या समित्यांना सांगत, शेजारणीला सांगत. एकदा तर नवऱ्याच्या दवाखान्यात दाढ काढायला आलेल्या पेशंटलाही त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. त्याच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे त्याचं मत कळलं नाही.

विद्यापीठाच्या त्या ग्रंथपाल. आवाज इतका मऊ, की 'शांतता राखा' हे सांगतानाही शांतता मोडत नसे. वेबसाइट त्यांनीच उभी केली होती. म्हणजे आतली जोडणी संगणक विभागातल्या एका तरुणानं केली. पण रंग कुठला, फोटो कुठल्या बाजूनं काढलेला, स्वागताच्या चौदा ओळी कशा, हे सगळं बाईंचं. त्या चौदा ओळींना तीन आठवडे लागले होते. वर इमारतीचा फोटो, त्याखाली सूचनांची सरकती पट्टी, आणि उजव्या हाताला शोधाची पेटी. पेटीत पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव टाकलं की पुस्तक आहे की नाही, असलं तर कितव्या रॅकवर, सगळं एका दमात समोर.

गेल्या वर्षभरात त्या पेटीतून एकेचाळीस हजार वेळा शोध घेतला गेला होता. हा आकडा बाईंनी वार्षिक अहवालात ठळक अक्षरांत घातला, आणि त्याखाली जरा हात सैल सोडून एक वाक्य लिहिलं : 'वेबसाइटच्या या यशामुळे पुस्तकांच्या दालनातील कर्मचाऱ्यांवरील भार जवळजवळ नाहीसा झाला आहे.'

वाक्य त्यांना फार आवडलं. दोनदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं. अडचण एवढीच झाली, की ते कुलसचिवांनीही वाचलं.

दालनात कर्मचारी असे एकच होते. मामा. सगळं विद्यापीठ त्यांना मामाच म्हणे. मागितलेलं पुस्तक रॅकमधून काढून आणायचं आणि परत आलेलं जागच्या जागी ठेवायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. हडकुळी अंगकाठी, खिशात दोन पेनं, खांद्यावर फडकं. बोलल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नाही अशांपैकी; ऐकायला कोणी नसलं तर ते पुस्तकांशी बोलत, आणि पुस्तकं उलट बोलत नाहीत याबद्दल त्यांना थोडं वाईटही वाटे. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. अशा माणसाची बदली निघाली ती उत्तरपत्रिकांच्या गोदामात. आवाराच्या पार टोकाला, एक खिडकी, एक खुर्ची, आणि परीक्षेचे दिवस सोडले तर तिकडे चिटपाखरूही फिरकत नसे. एक तारखेपासून रुजू व्हायचं होतं.

हुकमाचा कागद घेऊन मामा बाईंच्या टेबलापाशी आले. "तुमच्या वेबसाइटनं माझं काम संपवलं म्हणे, बाई," ते म्हणाले. "चांगलं यंत्र निघालं. आमच्यासारखं गुडघे दुखतात म्हणून बसत नाही."

हा टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, निदान रागावता तरी येतं. पण मामा खरोखरच कौतुक करत होते. साहेबांशी बोलते, असं बाई पुटपुटल्या आणि मामा गेल्याबरोबर त्यांनी कुलसचिवांना फोन लावला.

साहेब शांतपणे म्हणाले, की मॅडम, मी तुमच्याच अहवालावर विश्वास ठेवला. मग आपणहून एक वाट दाखवली. प्रत्येक विभागाला पंचवीस तारखेपर्यंत 'विद्यार्थ्यांचा अनुभव' पाहून कळवायचं होतंच. मुलांना वेबसाइट वापरता येते की नाही ते नीट बघा, लिहून द्या. माणूस लागतो असं दिसलं तर बदली थांबवू. वेबसाइट पुरेशी आहे असं दिसलं तर हुकूम कायम.

मामांना तिथून हलवू नये असं बाईंना मनापासून वाटत होतं. वेबसाइट नापास होऊ नये असंही मनापासूनच वाटत होतं. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत काढली, की वेबसाइटला शंभरपैकी शंभर पडतील, ते काही आपल्या हातात नाही. मामांसाठी मात्र आपण दुसरा काहीतरी मार्ग काढू. कुठला, ते तेव्हा सुचलं नाही.

पाहणी कशी करायची याचा दोन पानी कागद कार्यालयातून आला होता. पाच विद्यार्थी, एकेक करून. प्रत्येकाला तीन कामं द्यायची : अमुक पुस्तक ग्रंथालयात आहे का ते शोधा, शनिवारी ग्रंथालय किती वाजता बंद होतं ते सांगा, घरी नेलेल्या पुस्तकाची मुदत वाढवा. काम करताना विद्यार्थ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं. पाहणाऱ्यानं मागे बसायचं आणि काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. सुचवायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, मानसुद्धा हलवायची नाही.

आदल्या संध्याकाळी बाईंनी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. ते दातांचे डॉक्टर. त्यांना फार मजा वाटली. "आमच्याकडे पेशंटचं तोंड उघडं ठेवून त्याला बोलू देत नाहीत," ते म्हणाले, "तुमच्याकडे डॉक्टरचंच शिवतात. जमेल का तुला?"

"अहो, मी बोलते तरी कुठे," बाई म्हणाल्या.

यावर डॉक्टर काही बोलले नाहीत. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी वाचनकक्षाशेजारच्या छोट्या खोलीत एक संगणक, एक खुर्ची पुढे, दोन मागे, अशी मांडामांड झाली. मागच्या एका खुर्चीत बाई, पुढे बसणाऱ्याच्या डोक्याआड पडद्याची उजवी बाजू झाकलेली; दुसरीत त्यांची सहायिका, मुलं बोलतील ते शब्दाला शब्द टिपून घ्यायला. ही सहायिका नुकतीच नोकरीला लागलेली, हुशार, आणि चेहऱ्यावर हसू दिसू नये म्हणून ओठ दाबून धरायची सवय असलेली. त्या दिवशी तिचे ओठ पार पांढरे पडले.

पहिली आली ती वास्तुकलेची एक उंच मुलगी, काखेत नकाशांची नळकांडी. संगणकावर वेबसाइट उघडून ठेवलेलीच होती. मुलगी तिच्याकडे बघत स्वस्थ बसून राहिली. सहायिकेनं सुरू कर म्हटलं, तर ती म्हणाली, वेबसाइट उघडा ना मग. हीच आहे, असं सांगितल्यावर ती पुढे वाकली. "ही होय? मला वाटलं हा स्क्रीनसेव्हर आहे. सगळ्या मशीनवर हाच असतो."

बाईंनी मान हलवली नाही.

मग मुलीनं फोटोवर टिचकी मारली. फोटो मोठा झाला. पुन्हा मारली, आणखी मोठा झाला, इतका की मुख्य दाराच्या कडीवरचा गंज दिसायला लागला. ती बोलत होती : इथं दार आहे, म्हणजे आत जायला इथं मारायचं असणार. नाही जात. हे झाड आता नाही ना? तोडलं. सरकत्या पट्टीवर शनिवारची वेळ येताना दिसली तशी ती सावरून बसली. पण वाक्याचं शेवटचं टोक येईस्तोवर पहिलं निघून गेलं होतं. तिनं पट्टीच्या तीन फेऱ्या पाहिल्या. तिसऱ्या फेरीला ती गाडीच्या मागे धावताना हात करतात तसा हात करून थांबली आणि म्हणाली, जाऊ दे.

स्वागताच्या चौदा ओळींवरून तिची नजर अशी घसरली, जशी ओल्या फरशीवरून चप्पल घसरावी. बाईंनी खुर्चीची कड धरून ठेवली. शोधाची पेटी उजव्या हाताला आहे, उजव्या हाताला, इतकं धडधडीत सत्य समोर असताना माणसानं झाडाची चौकशी करावी, याचा त्यांना त्रास होऊ लागला.

दुसरे आले ते बँकेतून निवृत्त होऊन तत्त्वज्ञान शिकायला आलेले गृहस्थ. वर्गातली मुलं त्यांना आजोबा म्हणत. त्यांनी मात्र चौदा ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, मोठ्यानं, अर्थ लावत. बाईंच्या जिवाला जरा थंडावा वाटला. वाचून झाल्यावर आजोबा म्हणाले, की भाषा फार सात्त्विक आहे, कोण गेलं?

सहायिकेच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

तिसरा रसायनशास्त्राचा, बोटांवर पिवळे डाग. त्यानं आधीच जाहीर केलं, की त्याच्या माहितीप्रमाणे ही वेबसाइट बंद पडलेली आहे. चौथीनं सगळ्या दुव्यांवर एकेकदा टिचकी मारली आणि दर वेळी फिरून त्याच इमारतीसमोर आली. शनिवार कुणालाच सापडला नाही. मुदत कुणाचीच वाढली नाही. आणि पुस्तक शोधा म्हटलं की प्रत्येक जण उजवीकडे सोडून सगळीकडे बघे. बाईंना वाटू लागलं, की ही पिढी डावरी आहे.

पाचवी, नाट्यशास्त्राची, ठसक्यात बोलणारी. तिनं चिठ्ठीवरचं पुस्तकाचं नाव वाचलं, पडद्याकडे पाहिलंही नाही, खिशातून फोन काढला आणि दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी टाइप केलं. मग पाय हलवत बसून राहिली. दीड मिनिटानं फोन वाजला. तिनं वाचून दाखवलं : 'आहे. दोन प्रती. एक फाटकी. चांगली बाजूला काढून ठेवतो.'

"झालं काम," ती म्हणाली. "पुढचं सांगा."

हे कुणाचं उत्तर, असं सहायिकेनं विचारलं. मुलीनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मामांचं. अजून कुणाचं असणार? वर्गातल्या सगळ्यांकडे मामांचा नंबर होता. मागच्या वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे तो आपोआप येई. पहिल्या दिवशीच सांगतात, म्हणे : पुस्तक हवं तर मामांना विचारायचं, वेबसाइटवर जाऊन वेळ घालवायचा नाही. मग सहायिकेनं आधीच्या चौघांना फोन करून विचारलं. चौघेही मामांनाच विचारत होते. आजोबासुद्धा. ते मेसेजच्या शेवटी 'आपला नम्र' लिहीत, एवढाच काय तो फरक.

पाचवी मुलगी बाहेर गेली आणि दार लागलं. तोंडाचं कुलूप निघालं तशा बाई म्हणाल्या, की एवढी ठसठशीत पेटी ह्या मुलांना दिसत कशी नाही.

"कुठली पेटी, मॅडम?" सहायिकेनं विचारलं.

बाई संगणकाजवळ गेल्या. उजव्या हाताला पाहिलं. उजव्या हाताला इमारतीची उरलेली भिंत होती. त्या तरातरा आपल्या खोलीत गेल्या. तिथल्या पडद्यावर, रोजच्या जागी, पेटी सुखरूप होती. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. सहायिकेनं त्या पडद्याकडे पाहिलं आणि मग ती, आजारी माणसाला सांगावं तसं, हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत आहात."

म्हणजे काय, ते तिनं दाखवलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कर्मचारी' असं लिहिलेलं होतं. तिथून ती बाहेर पडली, आणि पेटी दिव्यासारखी विझली.

मग बाईंना आठवलं. सहा वर्षांपूर्वी पेटी तयार झाली तेव्हा संगणक विभागातल्या त्या तरुणाला त्यांनीच सांगितलं होतं, की आधी फक्त आम्हा कर्मचाऱ्यांना दिसू दे. नीट तपासते, मग सगळ्यांना दाखवू. त्यांनी तपासली. उत्तम होती. इतकी उत्तम, की आनंदाच्या भरात 'आता सगळ्यांना दाखवा' हे सांगायचंच राहून गेलं. उद्घाटन झालं, तेही बाईंच्याच संगणकावर. पाहुण्यांनी टिचकी मारली, टाळ्या पडल्या. तेव्हापासून सहा वर्षं बाई आतून वेबसाइट पाहत होत्या. बाहेर आल्याच नव्हत्या. स्वतःच्या घराची आतली भिंत रंगवून माणसानं रस्त्यावरच्या लोकांना रंग कसा वाटला विचारावं, तसला प्रकार.

"पण मग ते एकेचाळीस हजार?" त्यांनी विचारलं. खरं तर विचारताना उत्तर त्यांना कळून चुकलं होतं.

सहायिकेनं आकडे उघडले. कुठल्या संगणकावरून किती शोध, हे तिथं पहिल्यापासून होतं; बाई फक्त बेरीज बघत. बाईंच्या संगणकावरून चारशे. देवघेव काउंटरवरून एकोणीसशे. आणि आत दालनात, परत आलेल्या पुस्तकांवर खूण करायला म्हणून एक जुना संगणक ठेवलेला होता, त्यावरून अडतीस हजार सातशे.

बाई उठून दालनात गेल्या. मामा त्या जुन्या संगणकापाशी उभ्यानंच काम करत होते. डाव्या हातात फोन, उजव्या हाताच्या एका बोटानं पेटीत लेखकाचं नाव चाललेलं. कुणाचा तरी मेसेज आला होता. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पेटी, उद्घाटन, अहवालातलं ते वाक्य आणि ते कुणामुळे लिहिता आलं, हेही. मामा आधी ऐकत राहिले, मग त्यांनी अडतीस हजार सातशे हा आकडा पुन्हा एकदा सांगायला लावला.

"एवढं काम केलं मी?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "घरी म्हणतात, तुम्ही दिवसभर फोनवर असता."

माझ्या वाक्यामुळे तुम्हाला गोदामात जावं लागतंय, असं बाई म्हणाल्या. त्यावर मामांनी बाईंनाच धीर दिला. पेटीबद्दल त्यांना एकच शंका होती, ती आज फिटली, म्हणाले. ती इतकी कामाची आहे, तर पोरं ती न वापरता आपल्याला का विचारतात? सहा वर्षं त्यांना वाटत होतं, की मुलांना त्यांच्याशी बोलायला आवडतं.

तेही खरं असेल, बाई म्हणाल्या. बोलताना त्यांना मामांकडे नीट पाहवेना.

पंचवीस तारखेची वाट न पाहता बाई दुसऱ्या दिवशी सकाळी कुलसचिवांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. एकेचाळीस हजार शोध म्हणजे मुख्यतः एक माणूस आहे, आणि त्याच माणसाला त्याच्याच कामाचा आकडा दाखवून हलवायला मी कारण झाले, असं त्यांनी सांगून टाकलं. साहेब आधी दचकले, मग हसले, मग विचारात पडले. आणि त्यांनी जो निष्कर्ष काढला तो बाईंनी स्वप्नातही पाहिला नव्हता. पेटी आज सगळ्यांना दाखवा, ते म्हणाले. म्हणजे मुलं स्वतः शोधतील. म्हणजे मामांची गरज खरोखरच उरणार नाही. तुमचं वाक्य फक्त थोडं आधी लिहिलं गेलं, इतकंच.

बाई परत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. पेटी न लावावी, तर मुलांवर अन्याय. लावावी, तर मामा गोदामात. त्यांनी मामांनाच विचारलं. मामा म्हणाले, की लावा बाई, त्यात काय विचारायचं, चांगली वस्तू आहे.

पेटी लागली. चौदा ओळी निघाल्या, तिथं शनिवारची वेळ आली. पट्टी जागच्या जागी थांबली. सोमवारी हे झालं आणि गुरुवारपर्यंत मामांच्या फोनवरचे मेसेज कमी व्हायचे ते वाढले. आधी मुलं विचारत, अमुक पुस्तक आहे का? आता विचारू लागली, आहे म्हणतंय, रॅक नऊसुद्धा म्हणतंय, पण नेमकं कुठंय? बाईंनी उत्साहानं हे साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, रॅकवर आकडे लावलेले आहेत ना? मग पुस्तक सापडायला काय हरकत आहे? उद्या मी स्वतः येतो. पुस्तक मी शोधीन, तुम्ही ते आत जाऊन आणायचं. मामांनी जागेवरून हलायचं नाही. किती वेळ लागतो ते बघू आणि तिथंच काय ते ठरवू.

आता आली पंचाईत. बाई पाच मिनिटांत पुस्तक घेऊन बाहेर आल्या, की मामा गेले. आणि मुद्दाम आत रेंगाळायचं, तर ते खोटं. सकाळी पूजेला बसल्यावर बाईंनी दुसरं काही मागितलं नाही. जे खरं असेल तेच होऊ दे, एवढंच म्हणाल्या. खोटं करायचं नाही, सरळ चालत जायचं, सरळ पुस्तक आणायचं, असं ठरवून त्या निघाल्या. डोळ्यांत पाणी होतं. पण निश्चय पक्का होता.

साहेब ठरल्या वेळी आले. देवघेव काउंटरपाशी मामा खुर्चीत बसवलेले, हात मांडीवर. साहेबांनी आपल्या फोनवर वेबसाइट उघडली आणि पेटीत समुद्रांच्या नकाशांचं एक पुस्तक शोधलं. लगेच सापडलं. रॅक चौदा, वर्गांक ५५१.४६. बाईंना स्वतःच्याही नकळत बरं वाटलं, चला, पेटी तरी चालते. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आणि बाई आत गेल्या.

रॅक चौदा लगेच मिळाला. त्यावर ५५१.४५ होतं. त्याच्या शेजारी ५५१.४७ होतं. मधे काही नव्हतं. बाईंनी पुन्हा पाहिलं. वरच्या फळीवर पाहिलं, खालच्या फळीवर पाहिलं, रॅकला वळसा घालून मागून पाहिलं. तेराव्यावर पाहिलं, पंधराव्यावर पाहिलं. गुडघे टेकून तळाच्या फळीत डोकं घातलं, तेव्हा केसांना जळमट लागलं. सव्वीस वर्षांत आपण इथं किती वेळा आलो, याचा त्या विचार करू लागल्या. दिवे लागतात की नाही ते बघायला आल्या होत्या. पाहुण्यांना दाखवायला आल्या होत्या. पुस्तक शोधायला एकदाही नाही; पुस्तक त्यांना टेबलावर येत असे.

पाच मिनिटं झाली. आठ झाली. पुस्तकांच्या फटीतून साहेबांचा बूट हलताना दिसत होता. बाईंना घाम फुटला. सगळ्यात वाईट हे, की हे नाटक वाटणार. आपण नाटक करत नाही आहोत, हे त्यांना माहीत होतं आणि देवाला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला पटेल अशी काही सोय नव्हती. सकाळी मागितलेलं देवानं इतकं शब्दशः का घ्यावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

अकराव्या मिनिटाला त्यांनी हाक मारली. "मामा." कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणि ही मात्र अशी, की वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या.

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी जा म्हणून खूण केली. मामा आले, पण चौदाव्या रॅककडे गेलेच नाहीत. सरळ मागच्या भिंतीपाशी गेले, आडवं ठेवलेलं एक भलंमोठं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि फडक्यानं पुसलं. "उंच पुस्तकं इथं असतात, बाई. उभी ठेवली की वाकतात म्हणून तुम्हीच आडवी लावायला सांगितली होतीत. बारा वर्षं झाली त्याला." पेटीला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

बाई बाहेर आल्या. केसांत जळमट, गुडघ्यांवर धूळ. साहेब हसत होते. त्यांनी बदलीचा कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी बाई एवढं छान नाटक करेल असं वाटलं नव्हतं. पण माणसासाठी केलंत. मी काही पाहिलं नाही."

"नाटक नव्हतं, साहेब. मला खरंच सापडत नव्हतं."

साहेब आणखी हसले. स्वतःच्या ग्रंथालयात ग्रंथपालांना पुस्तक सापडत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. जिन्यापर्यंत मागोमाग जाऊन चौथ्यांदा सांगितलं. तसतसं साहेबांना त्या जास्तच थोर वाटू लागल्या.

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या कार्यालयांत पसरली. परीक्षा विभागातल्या कारकुनानं येऊन बाईंना हात जोडले. मन मोठं पाहिजे, तो म्हणाला. बाईंनी त्यालाही खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. त्यानं डोळे मिचकावले आणि कळलं, कळलं, म्हणत गेला. संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं तर तेही म्हणाले, की असं कर, निदान मला तरी खरं सांग.

दुसऱ्या दिवशी दालनात मामा पुस्तकं लावत होते. बाई त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, की मामा, सगळ्यांना वाटतंय मी नाटक केलं.

मामांनी हातातलं पुस्तक फळीत सरकवलं, शेजारच्या दोघांना सरळ केलं. "मला नाही वाटत, बाई," ते म्हणाले. "नाटक करायचं तर आधी पुस्तक कुठं आहे ते माहीत असावं लागतं."

बाई हसल्या. मग पदर खोचून त्यांनी विचारलं, की कुठून सुरुवात करायची? मामा पहिल्या रॅककडे निघाले, बाई त्यांच्यामागून. मामा बोलत होते, फळीफळीचं सांगत होते, आणि दोघं चौथ्या रॅकपर्यंत आली तेव्हा ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती. उरलेले सत्तावीस सोमवारपासून, असं ठरलं.